जाताना साडेतीन तास, येताना साडेसव्वीस

अशी कल्पना करा की तुम्ही एका टेबलामागे बसला आहात. समोरच्या खुर्चीत एक बाई आहेत, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून. त्यांचा एकुलता एक मुलगा पृथ्वीच्या पार पलीकडच्या अंगाला नोकरीला गेला आहे, आणि त्या तुम्हाला विचारतात, "किती लांब आहे हो ते?" तुमच्यापुढे संगणक आहे. हा विमानतळ आणि तो विमानतळ अशी दोन नावं टाकली की आकडे समोर येतात. अंतर तेरा हजार किलोमीटर, प्रवास साधारण पंधरा तास. आकडे बरोबर आहेत, यंत्र कशाला खोटं बोलेल? पण बाईंच्या डोळ्यांत पाणी काठोकाठ आलंय. आता बोला, काय सांगाल?

जगत्‌आत्या सांगायची, "एक झोप आणि दोन जेवणं."

बाईंचं पाणी काठावरूनच परत जायचं. एक झोप आणि दोन जेवणं म्हणजे काय, माहेरी जाऊन आल्यासारखंच की!

तासाभराने त्याच खुर्चीत एखादे गृहस्थ येऊन बसायचे, ज्यांना आपला मुलगा किती लांब गेलाय हे साऱ्या गल्लीला सांगायचं असायचं. त्यांना ती तास सांगायचीच नाही. चष्मा नाकावर ओढून, आवाज जरा घोगरा करून म्हणायची, "तेरा हजार किलोमीटर. तेसुद्धा सरळ गेलं तर." गृहस्थ छाती फुगवून जिना उतरायचे. आणि एकदा एका जावयाने हळूच विचारलं होतं, "सासूबाई इथून निघाल्या की किती वेळात पोचतील तिकडे?" तेव्हा ती म्हणाली, "घर आवरायला पुरेल इतक्या वेळात."

"मी खोटं कधी बोलत नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य. "माप कुठलं काढायचं ते माणूस बघून ठरवते, एवढंच."

हे ऑफिस तिच्या भाच्याचं. चपलांच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर, दोन टेबलं, एक पंखा आणि भिंतीवर जगाचा नकाशा. नवीन ऑफिस थाटलं तेव्हा ती "दोन दिवस धूळ झटकायला" म्हणून आली आणि वीस वर्षं झाली तरी धूळ काही संपली नाही. भाचा तिला आत्या म्हणायचा, म्हणून गिऱ्हाइकंही आत्या म्हणायला लागली, आणि जगभरच्या तिकिटांचा कारभार तिच्या हातात म्हणून कुणीतरी जगत्‌आत्या केलं. तिला ते नाव मनापासून आवडलं होतं. आवडत नाही असं दाखवायची, ते वेगळं.

नकाशासमोर उभं राहून कुणीतरी हमखास विचारायचं, "विमान सरळ पश्चिमेला जायचं सोडून वर बर्फाकडे वळसा घालून का जातं?" मग ती खणातून शिवणाचा दोरा काढायची आणि भाच्याला हाक मारायची, "ये रे इकडे."

"आत्या, पृथ्वीचा गोल आणलाय ना मी विकत? तो कशाला आहे?"

"त्याच्यावर धूळ आहे. तू स्वच्छ आहेस. बस."

भाच्याचं डोकं पंचेचाळिशीतच गुळगुळीत झालं होतं. ती दोऱ्याचं एक टोक त्याच्या एका कानाच्या वर धरायची, दुसरं दुसऱ्या कानाच्या वर. "हे बघा, कपाळावरून आडवा नेला तर इतका दोरा लागतो. आणि हा टकलावरून नेला तर? उरला की नाही वीतभर? विमानाला पण डोकं आहे. ते टकलावरून जातं." गिऱ्हाईक हसत हसत तिकीट काढायचं. भाचा डोकं चोळत म्हणायचा, "माझ्यावरून साऱ्या जगाची विमानं गेली, तू मात्र एकातही बसली नाहीस."

हे तिच्या वर्मावर बोट होतं. वीस वर्षांत हजारो माणसं तिने आकाशात पाठवली, पण स्वतः जिन्याच्या वर कधी गेली नाही. "मला वेळ कुठाय?" म्हणून ती उडवून लावायची. खरं कारण असं की विमान नुसतं डोक्यावरून गेलं तरी तिच्या पोटात खड्डा पडायचा. हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीला सोडून कुणालाच.

ही थोरली बहीण म्हणजे ताई. दोघी एकाच घरात राहायच्या; दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि दिवसातून साधारण सहा भांडणं. ताई शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेली. टाका वाकडा गेला तर पूर्ण शिवण उसवायला लावणारी बाई ती, घरीही तशीच. नळ नीट बंद केला नाहीस, टॉवेल दुमडून टाकलास, चहात साखर आधी का घातलीस, यावर ती दोन दोन दिवस बोलू शकायची. आत्या ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि मुद्दाम साखर आधी घालायची. दोघींचं छान चाललं होतं.

ताईची एकुलती एक मुलगी त्याच तेरा हजार किलोमीटरवरच्या गावात राहत होती आणि तिला बाळ होणार होतं. पहिलंच. ती रोज मावशीला, म्हणजे आत्याला, फोन करायची. "मावशी, काहीही कर, पण आईला तीन महिने पाठव. मला भीती वाटते गं."

पण ताईचा एक नियम होता. कधीकाळी एका लग्नाला बसने जाताना तिचे पाय सुजून पावासारखे झाले होते. तेव्हापासून तिने जाहीर केलं होतं, चार तास. त्यापुढे एक मिनिट नाही. "मुलगी माझी आहे, कबूल. पण पायही माझेच आहेत," असं ती म्हणायची. मनातून मात्र कासावीस होती. बाळाचे कपडे शिवून शिवून तिने एक पेटी भरली होती, आणि ती पेटी टपालाने पाठवायला कुणी निघालं की हातातून ओढून घ्यायची.

आत्याला ताई जायला हवी होती. आणि परतही यायला हवी होती, हे विशेष. तीन महिने काढू कसेतरी, पण त्यापुढे भांडायला कुणी नाही म्हणजे काय घर आहे का ते? असा सगळा विचार करून तिने एक दिवस तिकीट काढलं, जाण्याचं आणि येण्याचं. जाण्याचं छापून घरी आणलं. येण्याचं परस्पर भाचीला पाठवलं आणि वर बजावलं, "हे आईच्या नजरेस पडू देऊ नकोस."

"ताई, तिकडचं विमान सकाळी साडेनऊला सुटतं," कांदा चिरता चिरता ती सहज म्हणाली.

"सुटेना का."

"दुपारी एकला तिथे उतरतं."

ताईने तिकीट पुढे ओढलं. मग ताई म्हणाली, "त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी. तारीख बघ ना, छापलीय."

ताईने चष्मा लावून तारीख बघितली. बोटांवर मोजलं. "म्हणजे साडेतीन तास?"

"असं तू म्हणतेस," आत्या कांद्याकडे बघत म्हणाली.

"मग ही कार्टी इतकी वर्षं लांब लांब म्हणून का रडते फोनवर?"

"आईची आठवण येत असेल."

दुसऱ्या दिवशी भाच्याच्या कानावर हे गेलं तेव्हा तो खुर्चीतून पडायचाच बाकी राहिला. "आत्या! निघायची वेळ इथल्या घड्याळाची, पोचायची तिथल्या! मधे बारा तासांचा फरक आहे. मोठ्या आत्याला साडेपंधरा तास बसावं लागेल!"

"मग? तिकिटावर काय खोटं छापलंय?"

"ही शुद्ध फसवणूक आहे."

"फसवणूक म्हणजे खोटं सांगणं. मी फक्त मोठ्याने वाचून दाखवलं." मग जरा आवाज खाली आणून म्हणाली, "एकदा विमान उडालं की खाली उतरून भांडायला तर येणार नाही ना?"

एकच धोका होता, तो म्हणजे ताईचं मनगटी घड्याळ. निघायच्या सकाळी आत्या म्हणाली, "तपासणीला घड्याळ काढून ट्रेमध्ये ठेवावं लागतं बरं का. गर्दीत एखाद वेळेस राहून जातं." यातही खोटं काहीच नव्हतं. ताईने घड्याळ काढून कपाटात ठेवलं. विमानतळावर कपड्यांची पेटी पोटाशी धरून ती ताठ मानेने आत गेली, आणि काचेपलीकडून हातवाऱ्यांनी विचारलं, नळ बंद केलास का?

त्या दिवशी आत्याने ऑफिसात एकाही माणसाला धड उत्तर दिलं नाही. एका बाईंना तर एक झोप आणि दोन जेवणं सांगायच्या ऐवजी आकडेच सांगून टाकले. ताईला किती वेळाने कळेल? चौथ्या तासाला? मग उरलेले अकरा तास हवाईसुंदरीचं काय होईल? दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला तेव्हा तिने तो कानापासून हातभर लांब धरूनच उचलला.

"पोचले गं," ताईचा आवाज आला. छान होता आवाज. "एक डुलकी काढली, बाहेर बघते तर सूर्य होता तिथल्या तिथेच. फक्त ते लोक सारखं जेवण काय आणतात? साडेतीन तासांत तीनदा! खादाड मेले."

आत्याने फोन ठेवला आणि पदर तोंडात कोंबून हसली. सूर्याने तिला सांभाळून घेतलं होतं. विमान पश्चिमेला पळत होतं, सूर्यही पश्चिमेलाच पळत होता. दोघं जवळजवळ बरोबरीनेच. खिडकीतून बघणाऱ्याला सकाळ कशी ती संपतच नव्हती. "सूर्यसुद्धा माझ्या बाजूचा," ती भाच्याला म्हणाली.

"सूर्य कुणाच्या बाजूचा नसतो, आत्या," तो म्हणाला. पण तेव्हा तिने लक्ष दिलं नाही.

बाळ झालं. मुलगी. ताईच्या पेटीतला एकूण एक कपडा तिला घातला गेला. इकडे आत्या एकटीच घरात. पहिला आठवडा ऐषारामात गेला, टॉवेल हवा तिथे, साखर हवी तेव्हा. दुसऱ्या आठवड्यात तिने नळ मुद्दाम ठिबकत ठेवून बघितला. कुणी काही बोललं नाही. रात्रभर ठिबकून ठिबकून शेवटी नळालाच कंटाळा आला असावा. त्यानंतर ती जेवण उभ्या उभ्या, ओट्यापाशीच उरकायला लागली. भाच्याच्या बायकोने चार दिवस आमच्याकडे या म्हटलं तर म्हणाली, "छे गं, ताई येईलच की आता."

आणि नेमका परतीला आठवडा राहिला असताना ऑफिसात भाचीचा फोन आला. "मावशी, घोळ झालाय. परतीचं तिकीट आईने बघितलं."

"मग?"

"मग काय! तूच ऐक."

फोनवर खरखर झाली आणि ताई अवतरली. "काय गं ए, निघायचं दुपारी तीनला. आणि पोचायचं कधी?"

उत्तरही ताईनेच दिलं.

"दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला! मी दोनदा मोजलं. साडेसव्वीस तास! येताना साडेतीन आणि जाताना साडेसव्वीस? विमान काय मला सगळ्या नातेवाइकांकडे फिरवून आणणार आहे का?"

"ताई, तसं नसतं ते. उलट येताना वेळ कमी लागतो. वारा पाठीमागून असतो ना, म्हणून. चौदा-साडेचौदा तास फार तर."

"इथे साडेसव्वीस आहे."

"अगं, घड्याळं वेगळी आहेत दोन्हीकडची. पृथ्वी गोल आहे, म्हणून..."

"पृथ्वी गोल आहे म्हणून तूही गोलगोल बोलणार? आणि मी आले तेव्हा काय सपाट होती?"

आता आली का पंचाईत! इकडे आड, तिकडे विहीर. ताईला परत आणायचं तर येताना साडेचौदाच तास लागतात हे पटवायला हवं. ते पटवायचं तर जातानाही साडेतीन नव्हते, साडेपंधरा होते, हे कबूल करायला हवं. वीस वर्षांत पहिल्यांदाच आत्याला कुठलंही माप पुरेना. तिने डोळे मिटले आणि खरं सांगून टाकलं. "जाताना पण साडेतीन नव्हते, ताई. साडेपंधरा तास होते."

मग ताई अगदी गोड आवाजात म्हणाली, "खोटं."

"खरंच सांगते!"

"तेव्हा साडेतीन म्हणालीस, आता साडेपंधरा म्हणतेस, उद्या चाळीस म्हणशील. मी स्वतः बसून आले की नाही? माझ्या पायांना माहीत, सुजलेसुद्धा नाहीत. उगीच मला परत न्यायला काहीही सांगू नकोस."

"मग तू येणार नाहीस?"

"मी इथे बरी आहे. नात आहे, खिडकीत ऊन येतं, जावई चहात साखर शेवटी घालतो." ती पुढे म्हणाली, "आणायचंच असेल तर तू ये. तू बसून ये आणि मग मला सांग किती तास लागतात ते. तुझ्याबरोबर परतही येते. नाहीतर राहिलंच."

फोन बंद झाला. आत्या कितीतरी वेळ नकाशाकडे बघत बसली. दोन विमानतळांच्या मधे केवढा निळा रंग होता! एरवी तो फार तर दोन वीत भरायचा.

"दुसरं कुणी नाही का जाणार?" तिने भाच्याला विचारलं. "तू जा."

"मोठ्या आत्याने मला बोलावलेलं नाही."

"सांग की मला डॉक्टरांनी मनाई केलीय."

"कुठल्या डॉक्टरांनी?"

"बघ ना एखादा."

भाच्याने खुर्ची तिच्यासमोर ओढली, पर्स धरल्यासारखे दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि अगदी तिच्याच सुरात म्हणाला, "काही नाही हो आत्या, एक झोप आणि दोन जेवणं."

"मेल्या, पाठीत धपाटा घालीन."

पण तिने तिकीट काढलं. म्हणजे स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या संगणकावर, स्वतःचं नाव घालून. ते तिला तीनदा खोडून परत लिहावं लागलं, कारण बोटं दुसऱ्यांची नावं लिहायला सरावली होती. त्या चार दिवसांत गिऱ्हाइकांना एक नवीनच आत्या बघायला मिळाली. "विमान हलतं का हो?" कुणी विचारलं की ती उलट त्यांनाच विचारायची, "तुम्ही गेला होतात ना मागे? हललं होतं का?"

विमानतळावर भाचा सोडायला आला होता. "आत्या, घड्याळ घातलंयस ना?"

"घातलंय. चांगलं घट्ट."

खिडकीची जागा तिने मुद्दाम घेतली नव्हती, पण नशिबी तीच आली. विमान धावायला लागलं तेव्हा तिने शेजारच्या गृहस्थांचा हात धरला. तो आपला नाही हे विमान ढगांच्या वर गेल्यावर तिच्या लक्षात आलं.

"पहिल्यांदाच बसताय का?" गृहस्थांनी हात सोडवून घेत विचारलं.

"छे हो," आत्या म्हणाली. "गेली वीस वर्षं मी याच धंद्यात आहे."

मग बघता बघता पोटातला खड्डा भरला. कसा भरला ते तिलाही कळलं नाही, बहुधा कुतूहलाने. समोरच्या पडद्यावर छोटंसं विमान खरोखरच बर्फाकडे, टकलावरून चाललं होतं. तिने शेजारच्या गृहस्थांच्या डोक्याकडे एकदा बघितलं, पण त्यांना दाट केस होते. खाली पांढरं शुभ्र पसरलं होतं, बाहेर सूर्य हलायचं नाव घेत नव्हता. ऊन होतं तसंच तिच्या डाव्या हातावर पडलं होतं.

पहिल्या साडेतीन तासांनंतर तिने घड्याळ बघितलं आणि खूश झाली. एवढंच? मग सहा तास झाले. पाठ बोलायला लागली. आठव्या तासाला तिने चपला काढल्या, दहाव्या तासाला त्या पायांत जाईनात. ती दोनदा झोपली, दोनदा उठली, मधल्या वाटेवरून सात-आठ येरझाऱ्या घातल्या, हवाईसुंदरीचं माहेर, शिक्षण आणि गुडघेदुखी सगळं विचारून झालं. शेजारचे गृहस्थ तर दाढी वाढलेले दिसायला लागले. बाहेर तरीही सकाळ ती सकाळच.

आणि तिथे, अकराव्या तासाच्या सुमाराला, सुजलेल्या पायांकडे बघत असताना आत्या एकदम ताठ बसली.

हे साडेतीन तास कुणालाही वाटणं शक्य नव्हतं. घड्याळ नसलेल्याला नाही, गाढ झोपलेल्याला नाही, आंधळ्यालासुद्धा नाही. सूर्य काही का म्हणेना, पाठीला कळतं, गुडघ्यांना कळतं. आणि ताईला? तिच्या नजरेतून तर वाकडा टाका कधी सुटला नाही! म्हणजे तिला कळलं होतं. निदान इथे, या बर्फाच्या वर कुठेतरी, नक्कीच कळलं होतं. आणि तरीही तिने त्या दिवशी फोनवर गोड आवाजात डुलकीच्या गोष्टी सांगितल्या, आणि आत्याची भीती फक्त तिलाच ठाऊक असताना नंतर 'तू बसून ये' म्हणाली.

आत्याला हसू आलं, मग राग आला, मग परत हसू आलं. शेजारच्या गृहस्थांनी काळजीने विचारलं, "काही हवंय का?"

"हो," ती म्हणाली. "पण तुमच्याकडे नाहीये ते."

विमान उतरायला अजून चार तास होते आणि उतरल्या उतरल्या काय विचारायचं ते ठरलं होतं. किती तास लागले, ते आता तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिला फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं: साखर आधी घातली तर दोन दिवस तोंड न मिटणारी बाई, एवढी मोठी चोरी हातात सापडलेली असताना तीन महिने गप्प बसली, ती कशासाठी गं ताई?